आक्कासाहेबांच्या किटलीवरील मोहिमेची हकीकत

थोरांच्या लढाया लिहावयास थोर लेखक असतात, आणि चहाच्या थेंबासाठी झालेली लढाई मात्र टेबल पुसले की पुसली जाते. ऐसे होऊ नये म्हणोन ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणाराची मती अल्प, धैर्य त्याहून अल्प, आणि दोन्ही पक्षांकडचा चहा पोटात गेला असल्याने निःपक्षपणाचीही खातरी देववत नाही. तरी जैसे घडले तैसे लिहितो. उणे दिसेल ते वाचणाराने सांभाळून घ्यावे.

राजश्री बच्चूसाहेब, उमर वर्षे अठ्ठावन्न, भांड्यांच्या कारखान्यात कान, दांडे आणि झाकणे यांच्या आकृती काढण्याचा हुद्दा सांभाळून होते. खरे नाव भारदस्त होते, परंतु थोरली बहीण आक्कासाहेब लहानपणापासून बच्चू म्हणत, आणि त्यांचा शब्द मोडण्याची छाती कोणात नव्हती, तेणेकरून तेच नाव कायम जाहले. बच्चूसाहेबांस साध्या वस्तूंचा जबर शौक. कपडे वाळत घालावयाचा लाकडी चिमटा पाहावा आणि डोळे भरून यावेत, शिलाईच्या मशीनला तेल घालावयाची पत्र्याची कुपी पाहावी आणि जेवणाची शुद्ध राहू नये. ऐसे तीनशे अकरा जिन्नस हस्तगत करून दिवाणखान्यात काचेच्या कपाटांत तैनात केले, आणि प्रत्येकापुढे चिठ्ठी ठेविली, आणि हात लावील त्याची गय नाही ऐसे फर्मान काढिले. कपाटात सात कात्र्या असता सौभाग्यवती बाईसाहेब बिस्किटांचा पुडा दातांनी फोडीत, आणि फोडताना कपाटाकडे ज्या नजरेने पाहत ती नजर कोणत्याही कपाटावर येऊ नये.

परंतु एक मुलूख जिंकावयाचा राहिला होता. तो म्हणजे आक्कासाहेबांची किटली.

किटली अॅल्युमिनियमची, पोट मोठे, दांड्यास सुतळी गुंडाळलेली, तीस वर्षे रोज दोन वेळा चुलीवर चढलेली. तिचा गुण एकच, पण ऐसा की पृथ्वीवर जोड नाही. चहा ओतावा आणि हात थांबवावा, की धार तेथेच तुटे. एक थेंब तोटीवरून ओघळेल आणि टेबलावर पडेल तर शपथ. बच्चूसाहेब जेथे व्याख्यानास जात तेथे या किटलीचे वर्णन करीत आणि म्हणत, की ही वक्र रेषा ज्या अज्ञात कारागिराने काढिली तो आमचा गुरू, आणि मग रुमालाने चष्मा पुशीत.

किटली मिळावी म्हणोन त्यांनी आक्कासाहेबांच्या प्रत्येक वाढदिवशी नजराणे रवाना केले. एके वर्षी गोट्यासारखी गुळगुळीत मीठदाणी पाठविली, जिचे भोक आजतागायत सापडले नाही. एके वर्षी आकडे नसलेले घड्याळ पाठविले, ज्याच्या भरवशावर आक्कासाहेब दातांच्या डॉक्टरकडे एक तास आधी जाऊन बसल्या. आक्कासाहेबांनी सर्व नजराणे खालच्या कप्प्यात नजरकैदेत ठेविले, आणि उलट निरोप धाडिला तो येणेप्रमाणे: "बच्चू, तुझ्या मीठदाणीतून मीठ बाहेर येत नाही आणि माझ्या किटलीतून चहा बाहेर सांडत नाही. आधी यातला फरक समजून घे, मग मागायला ये."

ऐशात शहरातील एका कलाशाळेने रोजच्या वापरातील वस्तूंचे प्रदर्शन मांडावयाचे ठरविले, आणि बच्चूसाहेबांस सन्मानाने बोलाविले, आणि दालनाच्या मधोमध एक चौथरा किटलीसाठी राखून ठेविला. उद्घाटनाचे दिवशी पांढऱ्या शुभ्र कापडावर चौदा कप मांडून, सर्वांदेखत चहा ओतून, एकही थेंब न पाडण्याचा विडा बच्चूसाहेबांनी उचलिला. मग ते स्वतः आक्कासाहेबांच्या स्वयंपाकघरी हजर झाले आणि बराच वेळ पाण्याचा पेला हातात घेऊन उभे राहिले. आक्कासाहेबांनी दया येऊन तह केला. किटली चार दिवस न्यावी, उद्घाटनाचे संध्याकाळी चहाच्या वेळेआधी परत करावी. "आणि काही झालं ना तिला, तर माझ्या दारात चहा मागायला यायचं नाही. जन्मात नाही." हे शेवटचे कलम बच्चूसाहेबांनी मान खाली घालून मंजूर केले.

किटली घरी आली आणि घात जाहला. बच्चूसाहेबांनी दिव्याखाली धरून पाहिली, तो तोटीचे तोंड वाकडे. टोकाशी पत्रा खाली दाबलेला, एका अंगास दुमडलेला. हळहळून म्हणाले, की कोठेतरी आपटली असावी, गुरूच्या रेषेस डाग लागला. मग लाकडी हातोडी घेतली, आणि तोटीत गोल काठी सरकविली, आणि दोन दिवस रजा टाकून, एकेक ठोका मोजून, ते तोंड पुन्हा सरळ केले, आणि घासून ऐसे चमकविले की त्यात आपला चेहरा पाहून स्वतःच प्रसन्न जाहले.

उद्घाटनाचे सकाळी, सहज म्हणोन, एक कप ओतिला. थेंब पडला. दुसरा ओतिला, ओघळ सुटला. पाचव्या कपास टेबल पडले, वर्तमानपत्र पडले, बच्चूसाहेबांचा उजवा पायमोजा पडला. टॉवेलांची कुमक आणविली ती कामी आली. बाईसाहेबांनी हा संहार दारातून पाहिला आणि फर्माविले: "आता त्या सातांतली एक कात्री काढा, आणि तेवढं आजचं भाषण कापा." मग जवळ येऊन हळू म्हणाल्या, "आधी आक्कांकडे जा. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त लागेल त्यांना."

तेव्हा बच्चूसाहेब किटली पिशवीत घालून, एका पायात कोरडा आणि एका पायात ओला मोजा, ऐशा अवस्थेत शरण गेले. किटली टेबलावर ठेवून इतकेच म्हणाले, "आक्का, मी तोंड सरळ केलं तिचं."

आक्कासाहेबांनी तोटी पाहिली आणि भावाकडे पाहिले.

"अरे गाढवा, ते मी वाकवलं होतं."

बच्चूसाहेब खुर्चीवर बसले.

"नवी आणली तेव्हा नुसती गळायची. आठ दिवस टेबल पुसलं, नवव्या दिवशी शेजाऱ्यांची पक्कड मागून आणली आणि दाबलं. आधी जास्त दाबलं, मग थोडं उचललं. जमलं एकदाचं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलंस का कधी? तू आलास की त्या कारागिराचंच पुराण. मला वाटलं, असेल बाबा कोणी मोठा माणूस."

इतके बोलून आक्कासाहेबांनी शेजाऱ्यांकडून पक्कड मागविली, आणि किटली मांडीवर घेतली, आणि जेथे दोन दिवस हातोडी चालली होती तेथे दोन वेळा दाबून एक वेळ उचलिले. मग पाणी ओतून पाहिले. धार तुटली. टेबल कोरडे. बच्चूसाहेब म्हणो लागले, की पुन्हा एकदा ओत, मला हाताचा कोन पाहू दे, आणि तीस वर्षांत प्रथमच त्यांनी किटलीऐवजी बहिणीच्या हाताकडे पाहिले.

त्याच दिवशी, दोन प्रहर टळल्यावर चार वाजता, कलाशाळेच्या दालनात, दीडशे माणसांसमक्ष युद्धास तोंड लागले. बच्चूसाहेबांनी किटली उचलिली, आणि एकवार दुसऱ्या रांगेकडे पाहिले. मग त्यांनी ती खाली ठेविली आणि सभेस सांगितले, की ज्या अज्ञात कारागिराविषयी मी आजवर बोलत आलो त्याचा पत्ता आज सकाळी लागला, तो दुसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याच्या मांडीवर पर्स आहे. आक्कासाहेब "अरे, काहीतरीच काय!" म्हणत उठल्या, पदर खोचला, आणि एकापाठोपाठ एक चौदा कप भरले. लोक कापडाकडे डोळे लावून बसले होते. कापड जैसे धोब्याकडून आले तैसे पांढरे राहिले. मग टाळ्या जाहल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत, आणि टाळ्या चालू असताच आक्कासाहेबांनी किटलीतला चोथा खिडकीबाहेर झटकला, किटली पिशवीत घातली, आणि घरी चहाची वेळ झाली म्हणोन चालू लागल्या. कलाशाळेचे मुख्याध्यापक अडविण्यास धावले, परंतु बच्चूसाहेब मध्ये उभे राहिले आणि त्यांस हलू दिले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कप चौदा, थेंब शून्य, जखमी पायमोजा एक. प्रदर्शन पुढे पंधरा दिवस चालले आणि मधला चौथरा रिकामाच राहिला, आणि त्यापुढे बच्चूसाहेबांनी स्वहस्ते लिहिलेली चिठ्ठी होती ती ऐसी: किटली. आकृती आक्काची. वस्तू कामावर गेली आहे.