दारात आलेलं पाणी

"शिगम्याच्या आधी दारात पाणी आणलं नाही, तर नावाचा म्हादू नाही!" बायकोला, केशरला, मी छातीठोक सांगून टाकलं. उगाच नव्हे! कुळगीला साहेबाच्या बंगल्यावर मजुरीला होतो तेव्हा लोखंडी नळाचं पाणी या डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या कुंभारवाड्यात लोखंड नसेल, पण बांबूला काय तोटा?

केशरची कंबर पावसाळ्यापासून धरली होती. टेकडीवरच्या झऱ्यातून हंडा आणताना ती "आई गं" म्हणायची.

तापल्या सळीने बांबूच्या आतले पडदे फोडले. पुरते फोडत बसायला वेळ कोणाला? बोटभर भोक पुरे! झऱ्यापासून घरापर्यंत चांगला उतार होता, पण मध्ये देवाची राई. तिच्यातून नळ कसा न्यायचा? घातला वळसा! पुढे अनुसयाकाकूची तुळस. पुन्हा वळसा! मग शेजारचा झिलू आडवा आला.

"म्हादू, माज्या खळ्यात भात हाय. हितनं न्हाई न्यायचं!"

"बरं बा, तुज्या दारावरनं वळवतो."

कोणाचं मन मोडणं मला जमतच नाही. सांध्यांना चिंध्या आणि चिखल लिंपला.

वर पाणी सोडलं तेव्हा बांबूत केवढा आवाज घुमला! मी धापा टाकत घरी आलो. केशर हळदकुंकू घेऊन नळाच्या तोंडाशी बसली होती.

टप्... टप्...

"आवं, कळशी भरंपर्यंत मी म्हातारी हुईन की!"

"अगं, वाटंत दमलंय त्ये! एवढी वळणं, एवढी बारकी भोकं. तू तरी दमली नसतीस व्हय?"

ती हसली, पण कंबरेवर हात ठेवून. मला राहवलं नाही. तडक वर गेलो, झऱ्याला उंच बांध घातला आणि तुंबलेलं पाणी जोरात सोडलं.

फाट्! खालून झिलूची बोंब ऐकू आली. त्याच्या दारातला सांधा उडाला होता आणि झिलू नखशिखांत भिजला होता! आता हा मला बडवणार, म्हणून मी हात जोडतच पोचलो. बघतो तर केशरने तिथेच हंडा लावलेला. बघता बघता भरला! आमचं घर तिथून सपाटीला, चार पावलांवर. किती दिवसांनी तिचं तोंड फुललेलं पाहिलं!

"सांधा जोडू नगंस रे," झिलू तोंड पुसत म्हणाला. "हाय तसंच ऱ्हाऊ दे."

आता सारा गाव म्हणतो, झिलूने पाणी आणलं. शिगम्याला मानाचा नारळही त्यालाच मिळाला! म्हणू देत. दारात पाणी आणीन म्हटलं होतं, आणलं. दार तेवढं झिलूचं निघालं!