आधाराची वेळ चार ते पाच

आई वृद्धनिवासात जाण्याच्या आदल्या दिवशी विशेष काही घडले नाही. ओला टॉवेल खुर्चीवर टाकला म्हणून तिने पन्नाशी उलटलेल्या मला झापले आणि स्वतः तिसऱ्यांदा दात घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिला वरच्या मजल्यावर खोली मिळाली आणि मला तळमजल्यावर समुपदेशक. म्हातारे माणूस आणून सोडणाऱ्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडायचे नाही, असे संस्थेचे धोरण होते. त्यासाठी नातेवाईक आधार कक्ष होता. सत्राची वेळ रोज चार ते पाच. भेटीची वेळही चार ते पाच.

"मग आईला भेटू कधी?"

"ताई, आधी तुम्ही सावरा," समुपदेशक बाई म्हणाल्या. "असा रडवेला चेहरा घेऊन वर गेलात तर आजींनाच त्रास. सावरल्याचा दाखला मिळाला, की खुशाल भेटा."

दाखल्यासाठी अपराधभाव दहापैकी तीनच्या खाली यावा लागे. माझा पहिल्या आठवड्यात सात भरला, दुसऱ्यात नऊ. कारण विचारल्यावर मी सांगितले, आईला भेटले नाही म्हणून. बाईंनी ते गंभीरपणे टिपून घेतले आणि 'न भेटल्याचा अपराधभाव' या विषयावर बारा जादा सत्रे मंजूर केली.

वरून कधी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

"आमच्या हिची असेल का हो?" सत्रात शेजारच्या खुर्चीत बसणारे निवृत्त मास्तर कुजबुजत. त्यांची बायको वर होती.

"मास्तर, लक्ष इकडे," बाई म्हणत. मग आम्ही सगळे डोळे मिटून आपापल्या माणसाची कल्पना करत असू.

नवव्या आठवड्यात, साडेचारच्या सुमारास आई गेली. सत्रात व्यत्यय नको म्हणून मला पाचला सांगण्यात आले.

माझी फाइल त्याच दिवशी वियोग विभागाकडे वर्ग झाली. खोली तीच, खुर्ची तीच, शेजारी मास्तर तेच, बाईही त्याच.

"मोकळेपणानं बोला, ताई. आम्ही भेटू दिलं नाही याचा राग असेल, तर त्यालाही फॉर्मवर रकाना आहे."

मी उभी राहिले.

"जिन्याला कुलूप नव्हतं," मी म्हणाले. "दाखला तपासायला कुणी बसलेलंही नव्हतं. मी एकदा अर्ध्यावर गेले होते. आईनं ओळखलंच नाही तर, या भीतीनं परत फिरले. इथं बसणं सोपं होतं."

बाईंचे पेन थांबले. मास्तर चष्मा पुसू लागले.

"खरं सांगा, तुमच्यापैकी किती जण अर्ध्या जिन्यापर्यंत तरी गेलात?"