सूनबाई आणि शेवटचं रीळ

सूनबाईंनी सकाळी सात वाजताच जाहीर करून टाकलं, "आज मी सिनेमा शेवटपर्यंत बघणार."

कुणी मान वर केली नाही. सुट्टीचा दिवस होता. नवरा खुर्चीत पाय वर घेऊन जाडजूड कादंबरी वाचत होता. गेल्या सुट्टीतही तो शेहेचाळिसाव्या पानावरच होता. लेक हेडफोन लावून गाणी ऐकत होती. सासरे तेवढे गालात हसले आणि "बघू," म्हणाले.

हसायला कारण होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि सूनबाईंना शंभरेक सिनेमे माहीत होते, पण सगळे अर्धे. मध्यंतर झालं की सासऱ्यांची हाक येई, "सूनबाई, चहा." चहा होईतो दूध उतू जाई, ओटा पुसेतो दाराची घंटा वाजे, आणि त्या हात पुसत बाहेर येत तेव्हा पडद्यावर नावं सरकत असत.

बरं, राहिलेला भाग मागाहून बघावा, तर तीही सोय नव्हती. सासरे चाळीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी छोटा प्रोजेक्टर आणला आणि सोबत थिएटरचे नियमही आणले. मध्यंतर एकच, दहा मिनिटांचं. त्यानंतर खेळ थांबणार नाही आणि मागेही जाणार नाही. "एका प्रेक्षकासाठी खेळ थांबवला तर उद्या तिकीट कोण काढेल?" असं ते घरातल्या तीन फुकट प्रेक्षकांना विचारत आणि रिमोट शर्टाच्या खिशात ठेवून देत.

आजचा सिनेमा खुनाचा होता. सासऱ्यांनी जुन्या मित्राकडून त्याची डिस्क मागून आणली होती आणि ती संध्याकाळी परत द्यायची होती. "पंचवीस आठवडे चालवलाय मी हा," ते म्हणाले. "खुनी कोण ते मला विचारा. सांगणार मात्र नाही. डॉक्टरवर लक्ष ठेवा, एवढंच म्हणतो."

सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला होत्या. आधी विचार, मग हात, ही तिथली सवय. त्यांनी दोन थर्मास भरून चहा करून ठेवला. दुपारचं जेवण असं आग्रहाने वाढलं, की मध्येच कुणाला भूक लागायची सोयच राहू नये. राहता राहिली घंटा.

"अहो, घंटेचं बटण कोणतं?"

"डावीकडून दुसरं," नवरा पुस्तकातून म्हणाला.

नवऱ्याची माहिती किती पक्की असते हे सूनबाईंना ठाऊक होतं, म्हणून खबरदारी घेऊन त्यांनी तिसरंही दाबलं. घंटा वाजवून बघितली, वाजली नाही. त्या निर्धास्त झाल्या. घंटा तिसऱ्या बटणावर होती. दुसऱ्यावर पाण्याचा पंप होता, आणि तो खाली आवाराच्या कोपऱ्यात इमानेइतबारे सुरू झाला.

पडदे ओढले आणि सिनेमा लागला. मध्यंतराला सासऱ्यांनी "सूनबाई..." एवढं म्हणेतो त्यांच्या हातात कप आला होता. सासरे कपाकडे नुसते बघत राहिले. सूनबाईंना तो क्षण फार गोड लागला.

उत्तरार्धात गुप्तहेर एका बंगल्याचं दार बडवू लागला. दार उघडलं, गुप्तहेर आत गेला, सोफ्यावर बसला, तरी बडवणं चालूच. सूनबाईंनी मन घट्ट केलं. आज कुणी येवो, उठायचं म्हणून नाही.

"अहो वरचे, टाकी वाहतेय तुमची," बाहेरून आवाज आला. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई मोजपट्टीने दार ठोकत होत्या. "गिऱ्हाइकाचा लग्नाचा पोशाख दोरीवर होता माझा. संध्याकाळी न्यायला येणारेत."

सूनबाईंनी नवऱ्याला हलवलं. भरपेट जेवलेला नवरा "शेहेचाळिसावं," एवढंच पुटपुटून कुशीवर वळला. लेकही आडवी झाली होती. कष्टाने वाढलेलं जेवण असं अंगाशी आलं. शेवटाला जेमतेम पंधरा मिनिटं उरली होती. सूनबाई पडद्याकडे बघत बघतच उठल्या.

पंप बंद केला. खाली जाऊन पोशाख पिळला, पंख्याखाली धरला, झालरीसकट इस्त्री केली, तीनदा माफी मागितली. चोवीस मिनिटांनी त्या जिना चढून आल्या, त्या सरळ कप विसळायच्या तयारीने.

पडद्यावर गुप्तहेराने बोट उगारलं होतं. ते बोट हलत नव्हतं.

"थांबलाय, बाबा?"

"मशीन तापलं," सासरे पडद्याकडे बघतच म्हणाले.

"चोवीस मिनिटं?"

"जुनं आहे." मग त्यांनी झोपलेल्या दोघांकडे बघून आवाज खाली आणला. "खरं सांगू? हा शेवट मीही बघितलेला नाही. शेवटचं रीळ लागलं, की मी पडद्याकडे पाठ करून आधीचं उलटं गुंडाळत बसायचो, पुढच्या खेळासाठी. चाळीस वर्षं हेच."

"म्हणजे डॉक्टर..."

"डॉक्टर ओरडायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी धरून चाललो."

सूनबाईंना एकदम भरून आलं. चौदा वर्षं ज्या माणसावर त्या मनातल्या मनात धुसफुसत होत्या, तो त्यांच्याच रांगेतला निघाला. त्या त्यांच्या शेजारी बसल्या. सासऱ्यांनी रिमोट दाबला. शेवट जवळ आला तसे त्यांचे हात सवयीने मांडीवर रीळ गुंडाळू लागले, तेव्हा सूनबाईंनी त्यांच्या हातात बिस्कीट दिलं.

खुनी निघाल्या पियानो शिकवणाऱ्या बाई. डॉक्टर ओरडला, कारण पुढचा नंबर त्याचा होता.

नावं सरकू लागली तसा नवरा डोळे चोळत उठला. "संपला? कोण निघाला?"

"डॉक्टरच ना? आजोबा म्हणालेच होते," लेक जांभई देत म्हणाली.

सासरे रिमोटवरची बटणं मोजत होते. सूनबाईंनी खिडकीचा पडदा सारला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा सांगत होते तेच."

"मला वाटलंच होतं," म्हणत नवऱ्याने शेहेचाळिसावं पान उघडलं.

सूनबाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या, तर सासरे त्यांच्याआधी उठलेले. "तू बस, सूनबाई. चहा मी टाकतो."

"थर्मासमध्ये आहे की, बाबा."

"तो मध्यंतराचा," सासरे म्हणाले, आणि दूध उतू जाऊ नये म्हणून शेवटपर्यंत गॅसपाशी उभे राहिले.