अध्यक्षांचं दृढीकरण

चर्चच्या धर्मग्राम समितीच्या अध्यक्षांनी एकमताने, म्हणजे स्वतःच्या मताने, ठराव मंजूर करून घेतला: धर्मशिक्षणाच्या वर्गाला पूर्ण हजेरी लावल्याशिवाय बिशपांच्या हातून श्रद्धा पक्की करणारा दृढीकरण संस्कार नाही, मग तो कोणी का असेना. "हल्लीच्या पोरांना सगळं आयतं पाहिजे," असं म्हणून ते आपल्या फरशांच्या दुकानात जाऊन बसले.

तिथेच सातवीतली भाची आली. "मामा, माझ्या दृढीकरणाला धर्मपिता तुम्हीच. मागे उभं राहून खांद्यावर ठेवलेला हात तुमचाच हवा."

अध्यक्षांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी दुकान नोकरावर सोडलं. घरी जाऊन त्यांनी आईला बातमी दिली.

आई भाजी निवडत होती. "तू कसा उभा राहणार? धर्मपित्याचं दृढीकरण आधी झालेलं लागतं, तुझंच कुठे झालंय?"

"भिंतीवर सुटातला फोटो आहे माझा."

"बिशप येऊन गेले तेव्हा तू गालगुंडाने अंथरुणात होतास. सूट वाया जायला नको म्हणून नंतर तुला स्टुडिओत नेलं. एकाच बाजूने काढलाय फोटो, नीट बघ."

"मग लग्नाच्या वेळी फादरांनी विचारलं कसं नाही?"

"विचारलं की. तू असा तावातावाने 'हो' म्हणालास, की मलाही वाटलं, परस्पर उरकून आला असशील."

अध्यक्षांनी थेट फादरांना गाठलं. फादर भोळे गृहस्थ. प्रवचन करता करता गायला लागायचे, आणि त्यांनी सूर लावला की अध्यक्ष घड्याळ बघायचे.

"फादर, आत सॅक्रिस्टीत, तुमच्या झगे बदलायच्या खोलीत, उरकून टाकू. कपाळाला बोटभर तेल तर लावायचं."

"माझी काही हरकत नाही. पण ठराव समितीचा आहे. सवलत द्यायला अध्यक्षांची परवानगी लागेल."

"अध्यक्ष मीच आहे."

"मग विचारून बघा त्यांना. जरा कडक आहेत, एवढंच."

तर अशा रीतीने अध्यक्ष रविवारच्या वर्गात, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून भाचीशेजारी बसले. मोबाइल जमा झाला. पवित्र आत्म्याची सात दानं पाठ करताना त्यांची गाडी चौथ्यावरच अडायची. फादरांनी चाल लावून दिली तेव्हा कुठे सातही आली. मग ते दुकानातही गुणगुणू लागले. स्वारी खुशीत आहे असं समजून गिऱ्हाइकं भाव पाडून मागू लागली. इकडे भाचीच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिलाही कळलं नाही.

परीक्षा झाली. दोघंही पास झाले. आधी आपल्या कपाळाला तेल, मग भाचीच्या खांद्यावर हात, असा हिशोब करून अध्यक्षांनी त्या हातासाठी नवं घड्याळ घेतलं. तेवढ्यात भाची दुकानात आली.

"मामा, माझी धर्ममाता म्हणून मी आजीला सांगितलंय."

"का गं?"

"तू माझ्या पेपरात बघून लिहिलंस."

"एकच उत्तर."

"तेही चुकलं, कारण माझंच चुकलं होतं. मग मला वाट कोण दाखवणार?"

अध्यक्ष बराच वेळ एकच फरशी पुसत राहिले.

"पण रांगेत माझ्या शेजारीच उभा राहा हं," भाची हळूच म्हणाली. "मला बिशपांची भीती वाटते. आणि तुझ्या मागेही आजीच. मी विचारलंय तिला."

दृढीकरणाच्या दिवशी आजी दोघांच्या मागे उभी होती. एक हात नातीच्या खांद्यावर सहज पोचला. दुसरा पोचेना, म्हणून अध्यक्षांना गुडघे वाकवून उभं राहावं लागलं. सगळं चर्च बघत होतं. समितीचे सभासद तर पहिल्याच बाकावर बसले होते, मान उंचावून.

बिशप थकलेले होते, नजर अधू झालेली. पण प्रत्येक मुलाला मायेने एकच प्रश्न विचारत ते पुढे सरकत होते. भाची "डॉक्टर" म्हणाली. बिशप शेजारच्या कपाळाकडे वळले.

"आणि तू, बाळ? मोठा होऊन काय होणार?"

प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर त्यांना पिकलेल्या मिशा दिसल्या.

"आधी मोठा तर होऊ द्या त्याला," मागून आई म्हणाली.

बिशपांनी हसू आवरत अंगठा तेलात बुडवला आणि कपाळाला लावला. अध्यक्षांनी मान खाली घातली आणि एकही दुरुस्ती न सुचवता "आमेन" म्हटलं.