चंद्रावतीबाईंच्या नळाची मोहीम

श्री ग्रामदैवत समर्थ आहे. पेडणे महाली, धारगळेपलीकडील वाड्यावर एका नळाकरिता जो संग्राम जाहला, त्याची हकीकत बैजवार लिहितो. ऐकणाराने मध्येच चहास उठू नये.

गंगाभागीरथी चंद्रावतीबाई, उमर अडुसष्ट. किताब गंगाभागीरथीचा, परंतु दारी पाण्याचा टिपूस नाही! घर तीन पिढ्यांचे, जमीन देवस्थानाची, आणि त्या जमिनीचा तंटा अदालतीत, सबब पाणीखात्याने फर्माविले की देवस्थान समितीचा ना-हरकत दाखला आणल्याविना नळ नाही, आणि समितीचे अध्यक्ष राजमान्य राजश्री गोकुळदासपंत यांणी अर्जी सात वेळा नामंजूर केली की जमीन देवाची, आम्ही दाखला देणारे कोण? मग बाईंनी खालच्या बावीवरून रोज चार कळश्या चढ चढून आणिल्या, आणि आता गुडघ्यांनी जवाब दिला. घर सोडून डिचोलीस लेकीच्या दारी कायमचे जावे लागते, ऐसे भय त्यांनी मनी धरिले.

मग बाईंनी मसलत केली, आणि जत्रेचा दिवस साधून नारळानिशी देवळावर कूच केले, आणि रयतेच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घालणारे शांताराम गावकर यांच्या कानी लागल्या. गावकर हसून बोलिले, "जमीन देवाची मगे? तर देवाकच सांगूया!" मग त्यांणी खड्या आवाजी गाऱ्हाणे घातले, की बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक नळ मेळो, आणि दाखल्याच्या आड जो कोण येता, त्याका बाजूक कर रे म्हाराजा! अवघी रयत गर्जली, "होय म्हाराजा!" त्यात सर्वांत मोठा आवाज खुद्द अध्यक्षांचा. काय करतील बापडे? जन्माची सवय! गाऱ्हाणे कानी पडले की तोंड आपोआप उघडते.

तत्क्षणी बाईंनी कमरेचा कागद काढून पुढे धरिला. "भाऊ, देवासमोर होय म्हटलात. आता सही करा."

गोकुळदासपंतांनी देवाकडे पाहिले, रयतेकडे पाहिले. देवास दिला शब्द फिरवावा, ऐसी छाती कोणाची? लेखणी मागून सही केली.

पंधरा दिवसांत दारच्या तोटीस पाणी आले, आणि बाईंनी कळशी भरून सवयीने कमरेवर घेतली, आणि दोन पावले चालल्या, तो नेण्यास कोठेच नव्हते. मग उंबऱ्यावर टेकल्या आणि ढळढळा रडल्या.

येणेप्रमाणे नळ फत्ते जाहला. जमिनीचा तंटा चालू आहे, चालो. लेकीस डिचोलीस त्याच दिवशी हुकूम रवाना जाहला, की मी येत नाही, गणपतीच्या चवथीक तूच ये.