जन्म विभाग चालू होत नाही

माणूस जन्माला एकदाच येतो आणि मरतोही एकदाच. त्यामुळे या दोन्ही कामांसाठी मिळून शासनाने नोंदणी कार्यालयाला एकच कॉम्प्युटर दिला, यात कोणीही विचारी माणूस दोष काढणार नाही.

काढायचाच तर एवढाच, की जन्मनोंदणीचा प्रोग्राम एका योजनेतून आला होता आणि मृत्यूनोंदणीचा दुसऱ्या. दोन्ही योजना दोन वेगळ्या अधिकाऱ्यांनी, आपसातलं बोलणं बंद असताना आखल्या होत्या. जन्माचा प्रोग्राम फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चाले, मृत्यूचा विकतच्या. (मरण महाग असतं, हे धोरण म्हणून केव्हाच मान्य झालं होतं.) तोडगा म्हणून एकाच कॉम्प्युटरच्या पोटात दोन्ही प्रणाली बसवल्या. यंत्र चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत. वर मृत्यू, खाली जन्म. हवी ती निवडायची. ही निवड विचारणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामला बूटलोडर म्हणतात. आलेल्या माणसाला ‘काय हवंय?’ असं विचारणारा कार्यालयात तो एकटाच होता, आणि त्याचं पद मंजूर नव्हतं.

सकाळी जन्मवाले नाना खालची ओळ निवडत, दुपारी मृत्यूवाल्या ताई वरची. असं बरीच वर्षं सुरळीत चाललं.

मग एके दुपारी ताईंच्या पडद्यावर ‘महत्त्वाची सुधारणा उपलब्ध आहे’ असा निरोप आला. खाली ‘ठीक आहे’ असं एकच बटण होतं. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला एकच बटण असलं की बरं वाटतं. ताईंनी दाबलं. दुसऱ्या दिवशी नानांनी यंत्र चालू केलं तर दोन ओळी गायब. काही न विचारता यंत्र थेट मृत्यूवर जाऊन उभं राहिलं. नानांनी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा मृत्यू. तार काढून खोचली, पडदा पुसला, शेवटी यंत्राच्या बाजूला थाप मारून पाहिली. मृत्यू ढिम्म हलला नाही.

नाना साहेबांकडे गेले.

“साहेब, कॉम्प्युटर बिघडलाय.”

“चालू होतो?”

“होतो, पण...”

“मग बिघडला कसा? नाना, नियम वाचा. जो चालू होत नाही तो बिघडलेला. चालू यंत्राची तक्रार वर पाठवली तर ती माझ्यावर शेकेल.”

देखभालीच्या कंत्राटदाराचं म्हणणं याहून स्वच्छ होतं. त्याच्या करारात हाताला लागणाऱ्या वस्तूंची दुरुस्ती होती. बूटलोडर हाताला लागत असेल तर माणूस लगेच पाठवतो, असं तो फोनवर अगदी आपुलकीने म्हणाला.

अशा रीतीने शहरातले जन्म थांबले. बाळं येत होती, ती त्यांची खासगी बाब झाली. कागदोपत्री मात्र या शहरात माणसं आता फक्त मरत होती.

पण साहेब लोकांची अडचण बघून स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यांच्या लक्षात आलं, की मृत्यूच्या दाखल्यातही जन्मतारखेचा रकाना असतो. म्हणून अंतरिम सोय जाहीर झाली: पालकांनी बाळाच्या मृत्यूची नोंद करावी, म्हणजे त्याची जन्मतारीख आपोआप अधिकृत होईल. नंतर सवडीने, मृत्यू अनवधानाने झाल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन तो रद्द करून घ्यावा. मृत्यू रद्द झाला की जे उरतं तो जन्मच, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. पुष्कळ पालकांना पटलंही. शाळेच्या प्रवेशाची घाई असलेले तर रांगेत सगळ्यांत पुढे होते.

न पटणारी एकच निघाली. ती कपडे शिवायची. गळ्यात अडकवलेली मापाची फीत आणि कडेवर तान्ही मुलगी, अशी ती येऊन नानांच्या टेबलापुढे उभी राहिली. पलीकडे शिपाई दाण्‌दाण् शिक्के मारत होता. शेजारच्या बाईचं बाळ दर शिक्क्याला दचकत होतं. हिची मुलगी शांतपणे नानांच्या चष्म्याकडे बघत राहिली.

“ऐकू येत नाही तिला,” बाई म्हणाली. “कानाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, जितकं लवकर तितकं बोलणं नीट येईल. पण दवाखान्याला जन्मदाखला हवाय.”

नानांनी साहेबांची सोय समजावून सांगितली. सांगताना त्यांची नजर टेबलावरून वर येईना.

“म्हणजे मी लिहून देऊ, की ही मेली?”

“नुसतं कागदावर हो. तात्पुरतं.”

“भाऊ, तुमच्या मुलीचं दिलं असतंत लिहून?”

बाई गेली, पुढच्या आठवड्यात आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दर खेपेला मुलगी थोडी मोठी झालेली असे आणि यंत्र आहे तिथेच असे. घरी नानांची बायको विचारू लागली, “जेवताना असं भिंतीकडे काय बघता?” नाना म्हणत, “काही नाही, ऑफिसचं.” हे उत्तर कुठल्याही घरात पुरतं. इथे पुरलं नाही.

दरम्यान मुख्यालयातून पत्र आलं. सलग दोन तिमाहींत एकही जन्म न होऊ देणारं हे राज्यातलं पहिलंच शहर असून, लोकसंख्येला आळा घालण्याच्या या कामगिरीबद्दल कार्यालयाला ढाल देण्यात येणार होती. साहेबांनी नवा कोट शिवायला टाकला.

नानांनी मात्र परगावी नोकरीला असलेल्या आपल्या मुलीला फोन लावला. ती कॉम्प्युटरच्याच कामात होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसली.

“बाबा, अहो काहीच गेलेलं नाही. तुमचे सगळे जन्म आत जागच्या जागी असतील. त्या सुधारणेने फक्त ती निवड विचारणारी पाटी पुसून टाकलीय. ती परत लिहायची. मी पेनड्राइव्ह तयार करून पाठवते.”

कार्यालयात बाहेरचा पेनड्राइव्ह आणणं हा गुन्हा होता. नानांनी तो जेवणाच्या डब्यात, भाजीच्या वाटीखाली आणला. मधल्या सुट्टीत ताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“नाना, पकडले गेलात तर माझं नाव घेऊ नका,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “पण करा. नुसती गेलेली माणसं लिहून लिहून मलाही जीव नकोसा झालाय.”

यंत्र पेनड्राइव्हवरून चालू झालं. मुलगी फोनवरून एकेक अक्षर सांगत होती आणि नाना एका बोटाने टाइप करत होते.

“काय आलं?”

“‘अशी जागा अस्तित्वात नाही’ म्हणतोय.”

“चुकीचा भाग निवडलात. तो मृत्यूचा आहे. त्याच्या खालचा घ्या.”

नानांनी चष्मा वर सरकवला. खालचा भाग घेतला. पुन्हा तीच अक्षरं. यंत्र थोडं घुरघुरलं आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘काम पूर्ण. कोणतीही चूक आढळली नाही.’ हे वाक्य नानांनी आपल्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच वाचलं. त्यांनी ते ताईंनाही वाचायला लावलं.

यंत्र बंद करून चालू केलं. वर मृत्यू, खाली जन्म. नानांनी खालची ओळ निवडली. आधीची सगळी बाळं ओळीने हजर होती. शिवणवाल्या बाईला फोन गेला. ती मशीनवरचा झगा तसाच टाकून आली. मुलीची नोंद झाली, दाखला छापला. बाईने तो दोनदा वाचला, पदराखाली घेतला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली. पुढे ऑपरेशन वेळेवर झालं. या कामाची नोंद मात्र कार्यालयाच्या वार्षिक अहवालात नाही.

अहवालात दुसरीच नोंद आहे. संध्याकाळी साहेबांनी आकडे पाहिले, तर जन्माच्या रकान्यात शून्याऐवजी एक.

“नाना! हे मूल कोणाला विचारून जन्माला घातलंत?”

“साहेब, दुरुस्ती केली.”

“दुरुस्ती? परवा ढाल मिळायचीय! केली तशी परत काढा.”

“दाखला गेला साहेब.”

“मग तुम्हीही जा,” साहेब म्हणाले.

चौकशी झाली. कार्यालयाच्या वेळेत, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय एक जन्म घडवून आणल्याचा ठपका ठेवून नानांची बदली कुत्र्यांच्या परवाना विभागात करण्यात आली. तो एक जन्म ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून वजा झाला. बूटलोडरला मात्र कोणी हात लावला नाही. तो आता नियमाप्रमाणे चालू होता. यंत्र उघडलं की दोन्ही ओळी येत. पण नानांची जागा रिकामीच ठेवलेली असल्याने सकाळी निवडायला कोणी नसे. यंत्र थोडा वेळ वाट पाही आणि कोणी काहीच म्हणत नाही असं बघून, आपलं आपणच वरच्या ओळीवर जाई.

ढाल-प्रदान समारंभ नगरभवनात थाटात झाला. सभागृह खच्चून भरलं होतं. बायका-पुरुष मांडीवर लहानगी घेऊन बसले होते. ‘गेल्या सहा महिन्यांत आपल्या शहरात एकही मूल जन्मलेलं नाही!’ असं पाहुण्यांनी जाहीर करताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की विचारू नका. आयांनी मांडीवरच्या बाळांचे हात हातात धरून त्यांनाही टाळ्या वाजवायला लावल्या. उठून काही विचारावं असं एकालाही वाटलं नाही. तुम्हालाही नाही. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीत होतात तुम्ही. शेजाऱ्याने थांबवल्या तरी तुमच्या टाळ्या चालूच होत्या.