चारच्या ठोक्याला जाणारे आवाज

वैजयंती आरवाडे यांनी रेडिओवर परदेशातल्या जॅझची धून लावली, की अंकलगावातला एक आवाज त्या देशात निघून जायचा.

कार्यक्रमाचं नाव 'सात किनारे'. कृष्णाकाठच्या या गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावरून तो दर गुरुवारी दुपारी चारला लागे. वैजयंती सकाळच्या शाळेत भूगोल शिकवत आणि दुपारी केंद्रावर येत. एका गुरुवारी एक देश. चारच्या ठोक्याला तिथला जॅझ, त्याला जोडून आपल्याकडची सनई किंवा पखवाज, आणि मग त्या देशातल्या नद्या, पिकं, माणसं यांच्याबद्दल चार वाक्यं. गावाला त्यातलं फारसं कळत होतं असं नाही, पण सवय झाली होती.

नॉर्वेचा सॅक्सोफोन वाजला त्या दिवशी गावातल्या सगळ्या कुकरच्या शिट्ट्या गेल्या. वाफ निघे, आवाज नसे. कित्येक घरांत डाळ करपली. क्युबाच्या गुरुवारी आक्काताई कांबळेंची आरोळी गेली. आक्काताई भाजी विकत. त्यांना बोलता येई, भांडता येई. फक्त 'घ्या मेथी' म्हणायला तोंड उघडलं की नुसतं उघडंच राही. महिन्याभराने क्युबातून पत्र आलं. आमच्या गल्लीत रोज सकाळी एक न दिसणारी बाई ओरडते, मेथी म्हणजे काय ते कृपया कळवावं. वैजयंतींनी कळवलं.

वैजयंती घाबरल्या त्या माली देशाच्या गुरुवारनंतर. त्या दिवशी त्यांच्या घराच्या फाटकाची करकर गेली.

वैजयंतींचे वडील, बापू, एकोणऐंशी वर्षांचे होते. बारा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. फाटक वाजलं की कोणीतरी आलं, नळ वाजला की सकाळ झाली, असं त्यांचं घर आवाजांनीच उभं होतं. त्या संध्याकाळी वैजयंती घरी आल्या आणि नेहमीसारख्या म्हणाल्या, "बापू, चहा ठेवू का?" बापू खुर्चीतून दचकून उठले.

"तू आत कशी आलीस?" त्यांनी विचारलं.

"फाटकातूनच की."

"फाटक आहे अजून?"

पुढच्या गुरुवारी वैजयंतींनी कार्यक्रमच केला नाही. त्या दिवशी दोन आवाज गेले. नळाचा आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीचा. दोन्ही कुठे गेले ते कळलं नाही.

नगरपालिकेने मग धुमाळ नावाचे अधिकारी नेमले. धुमाळ शांत स्वभावाचे होते. तीन गुरुवार ते गावभर फिरले आणि केंद्रावर येऊन म्हणाले, "मॅडम, धुनीचा पहिला सूर लागतो त्या क्षणी गावात जो आवाज चालू असतो, त्यांतला एक जातो."

"आणि काहीच चालू नसेल तर?"

"तर जायला काही राहणार नाही. येत्या गुरुवारी कोणता देश?"

"इथिओपिया."

"मी दवंडीची व्यवस्था करतो. चारच्या ठोक्याला दहा सेकंद गाव गप्प राहील."

वैजयंती तीन रात्री झोपल्या नाहीत. आजवर वस्तूंचे आवाज गेले होते, जनावराचा गेला होता, एका बाईची आरोळी गेली होती. पुढचा कोणाचा, हे सांगता येत नव्हतं. गुरुवारी त्यांनी बापूंना घरी ठेवलं नाही. रिक्षातून केंद्रावर आणलं आणि माइकसमोर आपल्या शेजारी बसवलं.

"बापू, चार वाजता दहा सेकंद अजिबात बोलायचं नाही."

"नाही बोलणार. बाकीचे?"

"कोणीच नाही बोलणार."

"कोणीच नाही?" बापूंचा चेहरा उतरला. "मग मला कसं कळायचं, मी कुठे आहे ते?"

"दहाच सेकंद, बापू."

चारला पाच मिनिटं असताना धुमाळांनी पंखा बंद केला. बाहेर रिक्षा थांबल्या. शाळेच्या मैदानावरचा गलबला विरला. चार वाजले आणि अंकलगाव संपूर्ण गप्प झालं. वैजयंतींनी तबकडीवर सुई टेकवली. पहिल्या सुराआधी तबकडीचे दोन-तीन रिकामे फेरे होते.

त्यांनी बापूंकडे पाहिलं. बापू खुर्चीच्या कडेला आले होते. हात हवेत काहीतरी शोधत होते. कपाळावर घाम होता आणि ओठ उघडत होते. ते हाक मारणार होते. वैजयंतींना हात धरायला वेळ नव्हता.

"बापू, मी आहे इथे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

सूर लागला.

इथिओपियाचा सॅक्सोफोन बराच वेळ वाजत राहिला. धुमाळांनी पंखा सुरू केला आणि ते म्हणाले, "मॅडम, काहीतरी बोला पाहू." वैजयंतींनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"वैजू?" बापू म्हणाले. "आत्ता बोललीस ना? वैजू?"

त्यांनी बापूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. बापूंनी बोटं चाचपली, बांगडी चाचपली.

"कोण आहे?" ते घाबरून म्हणाले. "बोलत का नाही?"

"बापू, या वैजयंती मॅडमच आहेत," धुमाळ म्हणाले.

"हात कोणाचाही असेल हो. माझी मुलगी कुठे आहे?"

टेबलावरचा फोन वाजला. धुमाळांनी तो उचलला, ऐकून घेतलं, आणि रिसीव्हर बापूंच्या कानाशी धरला. "अदिस अबाबाहून आहे. तुमच्यासाठी."

खोलीत सगळ्यांना ऐकू येईल इतका तो आवाज स्वच्छ होता. "बापू, मी वैजू. पोचले. इथे थंडी आहे. तुम्ही जेवलात का?"

वैजयंती ऐकत राहिल्या. यातलं काहीच त्यांच्या मनात आलं नव्हतं.

बापूंचा चेहरा सैल झाला. त्यांनी त्या दोन्ही हातांतून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"जरा थांबा हं, बाई," ते अदबीने म्हणाले. "माझ्या मुलीचा फोन आहे."

वैजयंती उठल्या आणि त्यांनी बापूंची खुर्ची फोनजवळ सरकवून दिली.